तो मीच आहे, साहेब

टॉम रिप्लीच्या हातून पहिला खून होतो तो कादंबरीत बरंच पुढे. मला मात्र तो नकोसा झाला सुरुवातीच्याच पानांत. न्यूयॉर्कमध्ये बसून हा माणूस आयकर खात्याच्या नावाने लोकांना पत्रं धाडत असतो: तुमच्या हिशेबात चूक निघाली आहे, इतके डॉलर भरा. सावज निवडायची त्याची रीतही ठरलेली. चित्रकार, लेखक, म्हणजे ज्यांचा कर पगारातून परस्पर कापला जात नाही आणि म्हणून आपला हिशेब बरोबर आहे याची ज्यांना कधीच खात्री नसते, असे लोक. धनादेश येतात. ते सरकारी खात्याच्या नावाचे, त्यामुळे टॉमला वटवता येत नाहीत. तरी उद्योग चालूच. पैशापेक्षा त्याला चटक लागली आहे ती समोरचा माणूस घाबरतो याची.

पॅट्रिशिया हायस्मिथची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ १९५५ची. वाचणाऱ्याला त्या पत्रांच्या प्रसंगाचं हसू यावं अशीच बाईंची लिहिण्याची तऱ्हा आहे. मला हसू आलं नाही, त्याचं कारण माझ्या ओट्यावर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून डोळखांबला बाजाराच्या दिवशी मी लोकांचे अर्ज लिहून देतो. गेल्या पावसाळ्यात डेहण्याकडचा एक म्हातारा आला. खताच्या पिशवीचा तुकडा, त्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत चार घड्या घातलेला कागद. आधी त्याने हात धोतराला पुसले, मग घड्या उलगडल्या. “गुरुजी, कागद आलाय. जमीन जाते का?” शेजारच्याने मोजणी मागितली होती, त्याची ती साधी नोटीस होती. दोन रात्री त्याला झोप नव्हती. ‘पत्र आलं’ आणि ‘कागद आला’ यांतला फरक आमच्या भागात पोरासोरांनाही कळतो. रिप्लीला तो कळलेला असतो. त्याच्या अंगची मोठी कला ती हीच. वेषांतर, आवाज, सही हे सगळं नंतरचं.

पण खरं सांगायचं तर पुढे मीही त्याच्या बाजूला गेलो. सान रेमोच्या समुद्रात त्या छोट्या बोटीत तो वल्हं उचलतो, तेव्हा मी श्वास रोखला होता तो त्याच्यासाठी, ज्याच्यावर ते वल्हं पडणार त्या श्रीमंत डिकी ग्रीनलीफसाठी नाही. लेखिका आपल्याला पहिल्यापासून भामट्याच्या डोक्यात बसवते, आणि जो फसतो त्याचं डोकं बंद ठेवते. मग फसणारा आपोआप मठ्ठ दिसू लागतो. ठकाच्या गोष्टींत वाचकाला मजा येते ती बरीचशी या बैठकव्यवस्थेची.

अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’मध्ये ही बैठक उलटवली होती. माधव काझी याच्या गाजलेल्या प्रकरणावरून त्यांनी ते नाटक लिहिलं. १९६२च्या ऑक्टोबरात दिल्लीला पहिला प्रयोग झाला. फिरता रंगमंच आणि पाच रूपांत प्रभाकर पणशीकर. पण नाटकाचा सांगाडा कोर्टाचा. फसवल्या गेलेल्या बायका एकेक करून पिंजऱ्यात येतात आणि आपलं सांगतात. ठकवणारा समोर बसून ऐकतो. लेखक म्हणून अत्रे इथे हायस्मिथपेक्षा न्यायी आहेत असं मी म्हणेन. तरी प्रेक्षक घरी कोणाला घेऊन गेले? निपाणीच्या तंबाखूवाल्या लखोबाला. त्या बायकांची नावं आज किती जणांना आठवतात?

लखोबाचं सगळं बळ नकारात आहे. तो एवढंच म्हणतो, की तो मी नव्हे. सिद्ध करायचं ते बाकीच्यांनी. अख्खं सरकार, साक्षीदार, फोटो, सह्या त्याच्या मागे धावतात. ओट्यावर बसून मी रोज याच्या उलटं नाटक बघतो. इथे माणूस म्हणतो, तो मीच आहे, साहेब. आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवला की दुकानदार मान हलवतो: “लागत नाय थम.” लागणार कसा? राब भाजायचा, चिखलात आवण लावायचं, दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर माती कालवायची. रेषा झिजून बोट गुळगुळीत झालेलं असतं. देशातला पहिला आधार क्रमांक २०१०च्या सप्टेंबरात दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. ज्यांच्यापाशी ओळखीचा दुसरा कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. पण ज्याच्या हाताला सर्वांत जास्त काम, त्याचाच हात मशीनला ओळखू येत नाही.

मुळात हा अंगठा आला कुठून? १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अंमलदाराने रस्त्याच्या खडीचा ठेका देताना राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतू हा, की उद्या कोनाईने ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणू नये. म्हणजे हर्शेलला भीती लखोबाची होती. अंगठ्याने बांधला जातो तो अंगठा देणारा. कागदावर वर काय लिहिलंय, ते त्याला वाचून दाखवलं का, याची खूण कागदावर कुठेच उमटत नाही.

आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९७४ साली कायदा कडक झाला. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. तरी साठेकरार होतात, कुलमुखत्यारपत्रं होतात. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जाणार म्हटल्यावर तर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गुंठ्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांत एक पोरगा असंच कुलमुखत्यारपत्र घेऊन आला. बापाने विहिरीच्या कर्जाचा कागद समजून अंगठा दिलेला. घेणारा कोणी बहुरूपी नव्हता. स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच गाडीतून आला होता, बापाला मामा म्हणत होता, पोराच्या हळदीला जेवून गेला होता. रिप्लीला दुसरं कोणी तरी व्हावं लागतं, कारण तो ज्यांना फसवतो ते त्याच्याहून वरचे आहेत. खालच्याला फसवायला सोंग लागत नाही. म्हणूनच बहुधा त्यावर थरारकथा होत नाही. रहस्य कसलं असणार? सगळ्या गावाला माहीत असतं.

रिप्लीचा शेवट सांगतो. पुस्तक सत्तर वर्षांचं आहे, कोणाचा रसभंग व्हायला नको. व्हेनिसला डिकीचं सामान सापडतं. त्याला मारल्यावर टॉम डिकी बनून रोममध्ये राहिलेला असतो; सामानावरचे ठसे आणि त्या घरातले ठसे तंतोतंत जुळतात. पोलीस समाधानाने म्हणतात, म्हणजे हे डिकीचेच. दोन्ही ठिकाणी बोटं टॉमची. ज्या ठशांनी तो फासावर जायचा, तेच त्याला सोडवतात, आणि बनावट मृत्युपत्रावर डिकीचा पैसाही मिळतो. तपासणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, की या घरात राहणारा तो या घराचाच मालक.

हे वाचून झालं त्याच आठवड्यात तो डेहण्याचा म्हातारा रेशनच्या रांगेत दिसला. दोनदा अंगठा नाकारला गेला होता. मागून कोणी तरी ओरडलं, “बाबा, डोक्याला पूस!” त्याने टोपी काढली, तेल असलं-नसलं त्या पांढऱ्या केसांत अंगठा दोनदा फिरवला आणि काचेवर दाबून धरला. श्वास त्यानेही रोखला होता. दुकानदार पडद्याकडे बघत होता. म्हाताऱ्याकडे बघायचं त्याला काही कारण नव्हतं, तो त्याला चाळीस वर्षं ओळखतो.