दोष एकाचा, भार दुसऱ्याचा

घरात नवी सून आली आणि आठवड्याभरात गोठ्यातील म्हैस दगावली, तर पूर्वी एकच शब्द कुजबुजला जाई : पायगुण. म्हशीला आजार केव्हापासून होता, तिच्या पोटात काय गेले होते, याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नसे. दोन घटना मागोमाग घडल्या, एवढाच पुरावा पुरेसा असे. आज आपण असे बोलत नाही, निदान चारचौघांत तरी बोलत नाही. परंतु दोष शोधण्याची आपली मूळ रीत फारशी बदललेली नाही, हे यंत्रांच्या सहवासात वावरणाऱ्याला पुन:पुन्हा जाणवते.

समजा, धुळ्यातील एका पतपेढीचा संगणक काही वर्षे निमूटपणे काम करीत आला आहे. शाखांचे हिशेब घेतो, त्यांना हिशेब पाठवतो. काम वाढले म्हणून त्याची मेमरी ४ जीबीवरून ८ जीबी केली जाते. त्यानंतर मधूनच एक विचित्र प्रकार घडू लागतो. बाहेरून माहिती येत राहते, पण येथून एक अक्षरही बाहेर जात नाही. काही क्षण असे जातात आणि मग सारे आपोआप पूर्ववत होते. पहिला आरोप अर्थातच उन्हावर. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि यंत्र बिघडले की ऊन हा आमच्याकडील कायमचा संशयित असतो. पण पौषातल्या थंडीतही तेच घडते. मग बोट नव्या मेमरीकडे वळते. ती काढून ठेवली की बिघाड थांबतो, परत बसवली की पुन्हा सुरू होतो. आरोप सिद्ध झाला असेच कोणीही म्हणेल. आणि तरीही ती मेमरी संपूर्ण निर्दोष असू शकते.

हे कसे, ते समजण्यासाठी थोडे आत शिरावे लागेल. संगणक आणि जाळे यांच्यामध्ये एक कार्ड असते, आणि त्या कार्डाशी बोलणारा दुभाषी म्हणजे ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम. माहिती पाठवायची झाली की ड्रायव्हर एका वर्तुळाकार यादीत नोंद करतो : अमुक पत्त्यापासून इतके बाइट. कार्ड ती नोंद वाचते, मेमरीतून माहिती स्वतः उचलते, तारेवर सोडते आणि ‘काम झाले’ असा निरोप देते. आता कार्डाच्या चिपमध्येच अशी खोड असेल की, उचलायचा तुकडा ४ जीबीच्या किंवा तिच्या पटीच्या सीमेवर अर्धा अलीकडे आणि अर्धा पलीकडे पडला, तर ती गोंधळून जागच्या जागी थांबते, तर काय होईल? मेमरी थोडी होती तोवर असा तुकडा संभवतच नव्हता. खोड पहिल्या दिवसापासून होती, तिला संधी मिळाली नव्हती इतकेच. नव्या मेमरीने केवळ ती संधी उघड केली.

यात आणखी एक मोह आहे. लिनक्ससारख्या प्रणालीत एक राखणदार घड्याळ असते. पाठवण्याचे काम ठरावीक वेळेत पुढे सरकले नाही की ते ‘ट्रान्समिट टाइम्ड आउट’ अशी एक ओळ नोंदवहीत लिहिते आणि ड्रायव्हरला जागे करते. ड्रायव्हर कार्ड नव्याने सुरू करतो. सारे पुन्हा चालू. व्यवस्थापक समाधानी, ग्राहक समाधानी. पण त्या नव्या सुरुवातीत, कोणत्या पत्त्यावर, किती लांबीच्या तुकड्यापाशी कार्ड अडले, ही खूण बहुधा पुसली जाते. शांतता मिळते ती पुराव्याच्या बदल्यात. अशी शांतता कुटुंबांत आणि संस्थांतही विकत घेतली जाते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

वर वर्णिलेली खोड काल्पनिक नाही. ब्रॉडकॉमच्या टायगन-३ या चिपांच्या कुळात ती होती, आणि लिनक्समधील त्यांचा ड्रायव्हर, जो २००१ पासून डेव्हिड मिलर आणि जेफ गार्झिक यांनी लिहिला, तिची दखल घेतो. प्रत्येक तुकडा कार्डाच्या हाती देण्यापूर्वी तो सीमा ओलांडतो का, हे तपासले जाते. ओलांडत असेल तर संपूर्ण संदेशाची मेमरीत दुसरीकडे प्रत काढून ती दिली जाते. या कुळात इतरही खोडी आहेत. काही चिपांना ८ बाइट किंवा त्याहून लहान तुकडा सहन होत नाही, काहींना ४० बिटांपलीकडचा पत्ता झेपत नाही. प्रत्येक खोडीला त्या प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र नाव आहे, आणि ते नाव ज्या चिपांना लागू आहे त्यांनाच लावले जाते. सरसकट साऱ्या कार्डांना संशयित ठरवले जात नाही.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. चूक चिप घडविणाऱ्याची, आणि ती निस्तरण्याचे कष्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे. हे न्याय्य आहे काय? १९९४ साली पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातील चूक थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाने उजेडात आणली. आधी टाळाटाळ झाली, पण डिसेंबरमध्ये इंटेलला मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य करावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. तेथे भार दोषी पक्षावर पडला. नेटवर्क कार्डांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. लाखो कार्डे विकली गेलेली असतात, आणि खोड झाकण्यासाठी दहा-वीस ओळी पुरतात. त्या ओळी कोणीतरी तिसराच लिहितो.

काहींच्या मते हा दुबळेपणा आहे. अशाने निर्माता सुधारत नाही. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा आहे. फ्रीबीएसडी या प्रणालीसाठी बिल पॉल या प्रोग्रॅमरने रिअलटेकच्या ८१३९ या स्वस्त चिपचा ड्रायव्हर लिहिला. पाठवण्यासाठी तिला चारच जागा, आणि पत्ता चाराने नि:शेष भाग जाणारा नसेल तर माहिती आधी नीट जागी उतरवून द्यावी लागे. फाइलच्या आरंभीच त्याने या चिपवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली आहे, आणि त्याच फाइलमध्ये पुढे ती चिप व्यवस्थित चालावी म्हणून मन लावून काम केले आहे. मला ही भूमिका फार मोलाची वाटते. त्याने भार उचलला, पण दोष झाकला नाही. मुकाट्याने सोसणे आणि नोंद ठेवून सोसणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि आपल्या समाजात पहिल्याचेच कौतुक अधिक होते.

आमच्या पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धतीने पाणी वाटले जाई. बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी. कोणत्या फडात कोणते पीक, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी कमी पडले तर तूटही सर्वांनी मिळून सोसावयाची. पावसाची तूट हा कोणाचाच अपराध नसतो, म्हणून ती वाटून घेणे योग्यच. परंतु पाट कोणी फोडला असेल, तर तेथे वाटणी नव्हे, चौकशी हवी. दोन्ही प्रसंगी पाणी तेवढेच कमी पडते; शेतकऱ्याने वागावयाचे मात्र निराळे.

टायगन-३च्या ड्रायव्हरमध्ये आणखी एक तपशील आहे. दुसरीकडे काढलेली प्रतही दैवयोगाने सीमेवरच पडली, तर ड्रायव्हर तिसरा प्रयत्न करीत नाही. तो संदेश सरळ टाकून देतो आणि पुढील कामाला लागतो. बहुतेक व्यवहारांत पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही, म्हणून तो तोच मजकूर पुन्हा धाडतो. पतपेढीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला यातले काहीच कळत नाही.