अंगठा कुणाचा?

पूर्वी कॉपी करायलाही अभ्यास लागायचा. आमच्या वर्गातले कॉपीबहाद्दर कोणता प्रश्न येणार याचा आधी अंदाज बांधायचे, मग मुंगीच्या अक्षरात चिठ्ठ्या लिहायचे आणि कोणती चिठ्ठी कोणत्या मोज्यात आहे हे पाठ करायचे. एवढ्या खटाटोपात निम्मं पुस्तक डोक्यात जायचं आणि पुष्कळ चिठ्ठ्या न उघडताच घरी परतायच्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि कॉपीतला हा उरलासुरला अभ्यासही संपला.

आमचा भाचा शहाद्याला असतो, नववीत. शाळेने त्याला प्रकल्प दिला होता : 'मी पाहिलेले तोरणमाळ'. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला तो स्वतः घाट चढून जाऊन आलेला. तरी त्याने असल्याच एका यंत्राला विचारलं. चार मिनिटांत बारा पानं! यशवंत तलाव होता, सीताखाईची दरी होती, 'निसर्गाची मुक्त उधळण' तर पानोपानी होती. फक्त सातव्या पानावर डोंगर चढणारी झुकझुकगाडीही होती. माथेरानची गाडी रूळ न टाकताच सातपुड्यात आली होती.

"अरे, तू पाहिलीस ही गाडी?"

"नाही मामा. पण छान वाटते ना?"

गाडीचं मला वाईट वाटलं नाही. घाटातली वळणं, पायी चालणारे यात्रेकरू, जत्रेतली गर्दी हे सगळं या पोराने डोळ्यांनी पाहिलं होतं. यंत्राने काहीच पाहिलं नव्हतं. आणि ज्याने पाहिलं, तो न पाहिलेल्याला विचारत होता!

यावर आमचे एक सोवळे मित्र म्हणतात, "सरळ बंदी घाला." मला ते पटत नाही. बँकेच्या काउंटरवर मी शेकडो लोकांच्या पैसे काढायच्या स्लिपा भरून दिल्या आहेत. लिहिता न येणाऱ्या आजीबाईची स्लिप मी भरली म्हणून तिला कुणी लबाड म्हणत नाही. तिला पैसे हवे असतात, सुंदर अक्षराचं बक्षीस नव्हे. मात्र अंगठा तिचाच लागतो, तोही आमच्या डोळ्यांदेखत. पण उद्या तीच स्लिप साक्षरता वर्गाच्या परीक्षेत आली आणि मी भरून दिली, तर ती लबाडी झाली. स्लिप तीच, मदतही तीच. बदललं एवढंच, की पहिल्या वेळी पैसे द्यायचे होते आणि दुसऱ्या वेळी तिला लिहिता येतं का हे पाहायचं होतं.

तोरणमाळच्या एखाद्या पाड्यावरचा पावरा मुलगा घरी पावरी बोलतो आणि शाळेत पुस्तकी मराठीत पेपर लिहितो. धड्यातला अवघड शब्द यंत्राने त्याला समजावून सांगितला, तर त्याने कुणाचं काय चोरलं? शहरात हेच काम शिकवणीचे सर फी घेऊन करतात आणि आपण त्याला 'मुलाकडे लक्ष देणं' म्हणतो. पण त्याचा निबंधच यंत्राने लिहिला, तर त्याचं गाडं कुठे अडतं हे गुरुजींना कधीच कळायचं नाही. मार्क मिळतील, शिकवणं हुकेल. नुकसान बोर्डाचं नाही, त्या पोराचं.

भाच्याला मी म्हटलं, "बारा पानं राहू देत. तू पाहिलेलं दोनच पानं लिही. तलावाची माहिती यंत्राला विचारायची तर विचार, पण दुसरीकडे पडताळून बघ. आणि खाली लिही, की एवढं यंत्राला विचारलं आणि तपासलं मी."

यंत्राच्या नावामागे 'श्री.' लावू का, असं त्याने विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, "आणि खरं लिहिलं म्हणून सरांनी मार्क कापले तर?"

हा प्रश्न बारा पानांत कुठेच नव्हता, आणि खरा प्रश्न हाच आहे. खरं सांगणाऱ्याचे मार्क कापायचे आणि झुकझुकगाडीवर 'सुंदर वर्णन' असा शेरा मारायचा, तर पोरं काय शिकतील हे सांगायला यंत्र नको. किती मदत चालेल हे सरांनी आधीच सांगावं. शंका आली तर मुलाला समोर बसवून पाच मिनिटं त्याच्याशी बोलावं. पायी घाट चढलेला पोरगा कुठे धाप लागली ते लगेच सांगेल. अंगठा आम्हीसुद्धा समोरच घेतो. घरून लावून आणलेला चालत नाही.