आधी वासराला

२०२०चा भाद्रपद. कृष्णाकाठी मळ्यातलं घर, गोठ्यात गाभण गाय आणि माजघरापलीकडच्या खोलीत ओली बाळंतीण. ग्रामीण रुग्णालयात बाळंत होऊन सून दुसऱ्या दिवशी घरी आली होती. तिसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनी ओवा-वावडिंगाची धुरी केली. खोली धुरानं कोंदली, सगळ्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि सून म्हणाली, "आत्ती, आज धुरी केली न्हाई का?"

त्या वर्षी या प्रश्नाचा अर्थ पोराटोरांनाही कळत होता. नाकात कांडी गेली, थोड्या वेळात पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ताप थोडा, दम नाही, बोटाला लावलेलं यंत्र ९७ दाखवतंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरीच वेगळ्या खोलीत राहा. बाळाला अंगावरच पाजायचं. नाक-तोंड झाकून, हात साबणानं धुऊन. एरवी बाळ चार हात लांब ठेवायचं." यातलं शेवटचं वाक्य तेवढं सासूबाईंच्या कानात शिरलं.

घरी येताच त्यांनी बाळ उचललं आणि माजघरात नेलं. "जिच्या श्वासात इख, तिच्या दुधात अमृत कुठनं असंल?"

बाई कजाग नव्हती. तिचं दुसरं लेकरू गोवरानं गेलं होतं, त्याला पस्तीस वर्षं झाली, आणि साथ म्हटलं की तिचे हात अजून थंड पडत. मुलानं तालुक्याहून पावडरचा डबा आणि रबरी बोंडाची बाटली आणली.

मधे एक भिंत. पलीकडे बाळ रडलं की अलीकडे पान्हा फुटायचा आणि पोलकं भिजायचं. छाती दगडासारखी व्हायची, हात लावू देत नसे. मग ती वाटीत दूध पिळून काढायची आणि मागच्या दारानं शेवग्याच्या बुंध्यात ओतायची. दिवसातून सहा वेळा, सात वेळा. शेवग्याला त्या आठवड्यात जे मिळालं त्यातलं बाळाच्या वाट्याला काहीच आलं नाही. नवरा दारातूनच विचारायचा, "दुखतंय का?" ती म्हणायची, "न्हाई." दुसरं काय सांगणार?

सातव्या दिवशी आशाताई आली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, या दिवसांच्या तिच्या फेऱ्या ठरलेल्या. घरी जाऊन नवजात बाळ बघायची ही रीत पहिल्यांदा आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी कसाला लावली होती. तिनं झोळीच्या काट्याला बाळ टांगलं आणि काटा दोनदा वाचला. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण हे फारच उतरलं होतं. दुपट्यावर पिवळं पाणी. बाटली बघितली तर बोंडाच्या आत दुधाची साय चिकटलेली.

"ताबडतोब दवाखान्यात न्यायचं," ती म्हणाली. "आणि आत्याबाई, आईचं दूध सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेनं जूनमध्येच सांगितलंय. मुंबईत नायर रुग्णालयात असल्या शेकडो बाळंतिणी झाल्या, मास्क बांधून पाजतात तिथं."

"मुंबईचं मला सांगू नगं."

खरं आहे. मुंबईचं सांगून कुणाचं पटलंय?

तेवढ्यात गोठ्यातून मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हाक दिली. गाय व्याली होती. सासूबाई पदर खोचून धावल्या. बाळाला दुपट्यात गुंडाळत आशाताई गोठ्याच्या दारापर्यंत आली. वासरू अजून ओलंचिंब, पायांवर नीट उभंही राहत नव्हतं. शेजारची बाई खरवसाच्या आशेनं भांडं घेऊन आलीच होती. सासूबाईंनी तिला हातानं थोपवलं. "आधी वासराला. उरला तर खरवस." वासराचं तोंड धरून त्यांनी सडाला लावलं.

आशाताईनं विचारलं, "आत्याबाई, गायीला तिवा आलाय म्हणत होता ना?"

"आलाय की. तीन दिस लंगडतीया, अंग कढत हुतं."

"मग तापातल्या गायीला वासरू कसं लावता?"

"येडी का खुळी तू? आईचा चीक पोटात गेल्याबिगर वासरू जगतंय व्हय? तिच्या अंगात ताप आलाय, तर त्या तापाची दवाबी तिच्याच..."

त्या थांबल्या. वासरू चुटूचुटू ओढत होतं. आशाताई काही बोलली नाही. ती गरजेपेक्षा जास्त कधीच बोलत नसे, हा तिचा मोठा गुण.

उपमा ताणली की तुटते, तेव्हा मीच सांगून टाकतो. तिवा डास-चिलटांमुळे पसरतो, करोना श्वासातून. म्हणून गायीला मास्क लागत नाही आणि सुनेला लागतो. शिवाय वासरू जन्मतं ते जवळजवळ कोरंच. गायीची वार रोगाशी लढणारी प्रथिनं पोटातल्या वासरापर्यंत पोचू देत नाही, सगळी भिस्त चिकावर. माणसाचं बाळ थोडी शिदोरी पोटातूनच घेऊन येतं. पण पुढची भर दुधातूनच पडते. आईचं शरीर ज्या रोगाशी झुंजत असतं, त्याच रोगावरची प्रथिनं दुधात उतरतात आणि बाळाच्या घशाला, आतड्याला आतून लेप दिल्यासारखी राखण करतात. चीक संपला तरी ही राखण संपत नाही.

सगळ्या आजारांना हा एकच नियम नाही. बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आईला कांजिण्या उठल्या, तर बाळाला तिच्यापासून वेगळं ठेवतात. पण तिथंही स्तनावर फोड नसतील तर दूध काढून बाळाला देतात. म्हणजे आई आणि तिचं दूध या दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. सासूबाईंनी त्या एकच धरल्या होत्या. अर्थात, एवढी फोड करून त्यांना कुणी सांगितलं होतं?

दवाखान्यात बाळाला सलाइन लावावं लागलं नाही. डॉक्टरबाईंनी मिठा-साखरेचं पाणी घरच्या घरी द्यायलाही मनाई केली, जे द्यायचं ते आईचंच, असं बजावलं. संध्याकाळी सासूबाईंनी बाळ भिंतीपलीकडे नेलं.

आणि बाळ पिईना. चार दिवसांत त्याला रबराची सवय झालेली. तोंड लावायचं आणि चिडून मान फिरवायचं. सून रडायला लागली, मास्क भिजला, तो बदलावा लागला. आशाताई दारात उभी राहून सांगत होती: आधी वाटीत काढ, चमच्यानं दोन घोट दे, मग थेंबभर ओठाला लाव, बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकव, घाई नको. पहिली रात्र वाटी-चमच्यावरच गेली. दुसऱ्या रात्री, पहाटे कधीतरी, बाळानं पकडलं ते सोडेचना.

त्यानंतर नियमांच्या बाबतीत सासूबाई डॉक्टरबाईंच्याही वरताण निघाल्या. सुनेनं हात धुताना मोठ्यानं वीसपर्यंत आकडे म्हणायचे. पंधराला थांबली तर पुन्हा एकपासून. खिडकी दिवसभर उघडी. मास्क नाकाखाली घसरला की खिडकीतून हाक, "नाक!" शेजारची बाई कुजबुजली, तेव्हा तिलाही ऐकवलं, "खरवस खाताना गायीचा ताप इचारला हुतास का?"

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईनं काटा टांगला तेव्हा बाळानं तिच्या कागदावर धार सोडली. वजन भरलं होतं. जाताना ती गोठ्याशी थबकली. वासराला जंताचं औषध पाजायचं चाललं होतं, आणि मामांच्या हातात ती रबरी बोंडाची बाटली होती.