खातं चुकतं

अकरावीला जगाचा इतिहास शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर चार प्रश्न लिहायची. कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी, कशासाठी? मुलं ते उतरवून घेत आणि पेपरात जसेच्या तसे ओकत. एका वर्षी कंटाळून पुस्तक मिटलं आणि एक कागदच त्यांच्या पुढ्यात ठेवला. ‘झोंग’ जहाजाच्या खटल्याचा.

१७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं हे जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून जमैकाकडे निघालं होतं. वाट चुकली. पाणी पुरणार नाही असं सांगून खलाशांनी सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात लोटली. आजाराने मेलेल्या गुलामाची भरपाई विम्यात नव्हती. उरलेला माल वाचवण्यासाठी फेकलेल्या मालाची होती. मालकांनी माणशी ३० पौंड मागितले. १७८३ मध्ये ज्यूरीने ते देऊ केले. पुढे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी फेरसुनावणीचा हुकूम दिला, पण खुनाचा खटला कुणावरच झाला नाही.

जहाजाची नोंदवही खटल्याआधीच गायब झालेली. वकिलांच्या उपयोगाचा जो छापील वृत्तांत आहे त्यात पक्षकारांची नावं आहेत, बुडवलेल्यांपैकी एकाचंही नाही. त्याच सुनावणीचं लघुलिपीतलं टिपणही आहे. स्वतः गुलामी भोगलेल्या इक्वियानोने ग्रॅनव्हिल शार्प यांना ही बातमी सांगितली आणि शार्प यांनी लघुलेखक कोर्टात बसवला, म्हणून. त्यांना खून सिद्ध करायचा होता. एकाच सुनावणीचे दोन कागद, हेतू वेगळे. माझे चार प्रश्न इथं छान लागू पडत होते, मी खूश होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “टीचर, मालकांचीबी एक बाजू असणार की.”

हे मीच शिकवलेलं. आमच्या घरात तर अनेकान्त बाळकडूसारखा पाजतात. समोरच्याच्या जागेवरून बघ, हे आई उठता-बसता सांगायची. तरी त्या दिवशी मला उत्तर सुचेना. उत्तर दिलं ते पुढच्या बाकावरच्या मुलीनं. ती म्हणाली, “पाण्याचं खोटं असंल. शेवटच्यांना लोटायच्या आधी पाऊस पडलेला, हे त्यातच आलंय. पण तीस पौंडाचं खोटं नाही, टीचर. त्यांना माणूस तेवढ्याचाच वाटत होता.”

मी मुलांना खोटं पकडायला शिकवत आले होते. आणि ह्या कागदातली सगळ्यात भयंकर गोष्ट अगदी प्रामाणिकपणे लिहिलेली होती.

मग घरातला एखादा जुना कागद आणा, असं मी मुलांना सांगितलं. “तुम्ही काय आणणार?” त्यांनी विचारलं. आमच्या माळ्यावर आजोबांच्या अडत दुकानाच्या वह्या आहेत, मोडीतल्या. अक्षर इतकं सुरेख की पाहुण्यांना काढून दाखवायचो. त्यातली एक खाली आणली आणि रात्री वाचत बसले. एका कुळाच्या नावे रक्कम, वर्षावर वर्षं चढलेलं व्याज, आणि शेवटी: चार एकर रान लिहून घेतले, खाते चुकते. बेरीज मी दोनदा तपासली. पैचा फरक नाही.

झोंगची आणि ह्याची बरोबरी मी करत नाही. आजोबा पाणी गाळून पीत, मुंगी चुकवून पाय टाकत. ते ढोंग नव्हतं. म्हणूनच ती ओळ पचत नाही.

दुसऱ्या दिवशी वही वर्गात नेली. मोडी मला एकटीलाच येत होती, म्हणजे काय वाचायचं ते माझ्या हातात. रक्कम वाचली, व्याज वाचलं, रानाचं वाचताना आवाज थोडा उतरला, पण वाचलं.

“नाव नाही लिहिलं व्हय त्यांचं?” त्याच मुलीनं विचारलं.

“आहे,” म्हटलं, पण वाचलं नाही. त्या घरची माणसं अजून बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून जातात, उगाच गावात चर्चा नको, असं कारण मी दिलं. ते खरं होतं. तेवढंच नव्हतं.