‘ओरिएंटल’ : दिशा कीं दूषण?

दिशा ही वस्तूचा गुण नसून पाहणाऱ्याच्या जागेचा निर्देश होय. इंग्लंडांतून पाहिलें असतां इराण पूर्वेस पडतो, चीनमधून पाहिलें असतां तोच पश्चिमेस. एवढ्यानें इराणांत काडीचाहि फरक पडत नाहीं. परंतु दिशावाचक विशेषण माणसांस लागूं लागलें म्हणजे ही साधी गोष्ट विसरली जाते.

इंग्रजींतील ‘ओरिएंटल’ हा शब्दच पाहा. ‘उगवणें’ या अर्थाच्या लॅटिन ‘ओरीरी’ या क्रियापदापासून ‘ओरिएन्स’, म्हणजे उगवता सूर्य व त्याची दिशा, हा शब्द झाला. त्याचेंच हें विशेषण फ्रेंचमार्गें इंग्रजींत आलें. त्याचा प्रतियोगी ‘ऑक्सिडेंटल’ हा ‘खालीं पडणें, मावळणें’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला. व्युत्पत्तीवरूनच मान ठरावयाचा असता, तर उगवतीच्या लोकांनीं या नांवाचा अभिमानच बाळगला असता!

पण शब्दाचें कुळ निर्दोष असलें म्हणून त्याचें आचरण निर्दोष ठरत नाहीं. अरब, हिंदी, चिनी अशा परस्परभिन्न लोकांस या एका शब्दांत कोंबून त्यांस गूढ, आळशी, सत्तेपुढें मान तुकविणारे ठरविण्यांत आलें. एडवर्ड सैद यांनीं १९७८ सालीं ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथांत या वृत्तीची झडती घेतली. कॅलिफोर्नियाहून पॅसिफिकपलीकडील चीन-जपान वस्तुतः पश्चिमेस. तरी तेथील चिनी-जपानी माणूस ‘ओरिएंटल’च! अखेर २०१६ सालीं अमेरिकेनें कायदा करून आपल्या संघीय कायद्यांत माणसांना लावलेला हा शब्द काढून टाकला.

मग शब्दच टाकून द्यावा काय? पुण्यास १९१७ सालीं स्थापन झालेली भांडारकरांच्या नांवाची संस्था हाच शब्द सन्मानानें मिरविते. तेथें तो विद्येचें क्षेत्र सांगतो, माणसाचा निवाडा करीत नाहीं. भेद येथेंच आहे. जागा सांगणारा शब्द निरुपद्रवी. जागेवरून स्वभाव सांगूं लागला कीं तो अन्याय करतो.

आणि हा न्याय आपणांसहि लागू आहे. ‘पाश्चात्य’ याचा मूळ अर्थ ‘मागचा’ एवढाच. उगवत्या सूर्याकडे तोंड करणाऱ्याच्या पाठीशीं असलेला. तो शब्द उच्चारतांच आपण भोगवाद, स्वैराचार व जडवाद यांची यादी वाचूं लागतों, तेव्हां आपणहि तेंच करीत नसतों काय?