हाडांचा धनी कोण?

ज्या वस्तूवर कोणाचा दावा नाहीं ती उचलून नेण्यांत पाप आहे काय? हा प्रश्न सहज सुटण्यासारखा वाटतो. पण रूपकुंडाचा वृत्तांत वाचिल्यावर तो तितका सोपा राहत नाहीं.

हें कुंड उत्तराखंडांतील चमोली जिल्ह्यांत, त्रिशूळ पर्वताच्या कुशींत, सुमारें ५,००० मीटर उंचीवर आहे. वाण गांव मागें टाकून बेदनीच्या विस्तीर्ण कुरणावरून वर चढावें लागतें. पुढें झाड नाहीं, झुडूप नाहीं. चार पावलें टाकतांच धाप लागते. इतके दिवस चालून शेवटीं दृष्टीस पडतें तें अवघें ४० मीटर रुंदीचें, बहुतेक महिने गोठलेलें पाणी. परंतु बर्फ वितळलें म्हणजे कांठावर माणसांचीं हाडें उघडीं पडतात. १९४२ सालीं जंगलखात्याच्या एका माणसानें तीं पाहिलीं, तेव्हांपासून त्यांची चर्चा चालली आहे. कित्येक शें मनुष्यांचे ते अवशेष आहेत.

वर पोहोंचलेल्या वाटसरूंपैकीं कांहींनीं कवट्या मांडून छायाचित्रें काढिलीं, कांहींनीं एखादें हाड आठवण म्हणून झोळींत घातलें. ते म्हणतील, मेलेल्यास काय कळतें? त्याचा वारस कोठें आहे? एवढ्या ढिगांतून एक नेलें तर कोणाचें काय गेलें? वाचकहो, हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. परंतु आपल्या वेशीबाहेर अनोळखी प्रवासी मेलेला आढळला, तर वारस नाहीं म्हणून त्याच्या अंगावरील पांघरूण आपण नेतों काय? त्याचें कोणी नाहीं, म्हणूनच सारा गांव त्याच्या मातीस जातो.

शास्त्रज्ञांनींही हाडें नेलीं, मग त्यांस दोष कां नाहीं, असें कोणी विचारील. आणि विचारणें रास्त आहे. ३८ जणांच्या हाडांची परीक्षा करून त्यांनीं २०१९ सालीं निष्कर्ष छापला. २३ जण भारतखंडांतील वंशांचे, सुमारें १,२०० वर्षांपूर्वींचे, आणि तेही एकाच संकटांत मेलेले नव्हते. १४ जण मात्र भूमध्य समुद्राच्या पूर्व भागांतील लोकांच्या वंशाचे, सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं मेलेले! ते तेथें कशास आले, हें अद्याप उलगडलें नाहीं. सारे एकाच गारपिटींत मेले, ही जुनी समजूत मात्र टिकली नाहीं. शास्त्रज्ञांनीं जें नेलें त्याच्या मोबदल्यांत त्या निनावी माणसांस निदान त्यांचें कूळ परत दिलें. तरी मृतांची संमति त्यांनींही घेतली नव्हती, ही टोंचणी माझ्या मनांतून पुरती जात नाहीं.

झोळींतलें हाड दिवाणखान्यांत पोहोंचलें कीं मुकें होतें. कोण कोठें, कोणाशेजारीं पडला होता, हा पुरावाही तें हलतांच पुसला जातो. दरडींनीं पुष्कळ हलविलें होतेंच. माणसांनीं त्यांत भर घातली.

तेथें जाऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. नंदादेवीच्या यात्रेकरूंची वाट त्याच कुंडावरून जाते, आणि त्यांपैकीं कित्येक तेथें माथा टेकून पुढें चालतात.

त्या ३८ जणांत एकजण आग्नेय आशियांतील वंशाचा निघाला. एकटाच. त्याच्या सोबतीस कोण होतें, घरीं कोण वाट पाहत राहिलें, हें विचारावयास त्याचीं तीं थोडीं हाडेंच काय तीं उरलीं आहेत.