गुप्तदान कोणापासून गुप्त?

आजचं वाचन गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक, बदल्यात काही हवं म्हणून दिलेलं राजस. वाचताना मागची निवडणूक आठवली. एका पक्षाची माणसं पावतीपुस्तक घेऊन आमच्या दुकानात आली. बाबांनी ५,००० रुपये दिले, पावती घेतली. सगळं कायदेशीर. पण तेव्हा आमचा परवाना अडकला होता, आणि देताना तो बाबांच्या मनात होताच. माझ्याही.

पावती असली की झालं? १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हाही देणग्या ट्रस्टच्याच नावे होत्या. पण त्या देणग्या आणि बिल्डरांना मिळालेलं सिमेंट यांचा संबंध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं. मला वाटतं, देणाऱ्याचं काम घेणाऱ्याच्या टेबलावर पडलंय का, हे आधी बघावं.

निवडणूक रोख्यांत तर तेही बघता येईना. अंबाबाईच्या पेटीत टाकलेल्या नोटेवर नाव नसतं, ते खरं गुप्तदान. (नोट टाकताना मीही "परीक्षेचं बघ गं आई" म्हणते. पण आईला निवडणूक लढवायची नसते!) रोख्यांत नाव लपलं ते मतदारापासून, पक्षाला कळायला वाट होतीच. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली.

आमचा परवाना पुढच्याच आठवड्यात आला. कशामुळे, ते घरात कोणी बोललं नाही. पावती बाबांनी परवान्याच्याच फाईलला लावलीय.